वाळूवरचे शहर, वाळूवरचे शिपाई

नॉटिंगहॅम म्हटले की कोणाला रॉबिन हूड आठवतो, तर क्रिकेटच्या शौकिनाला ट्रेंट ब्रिजचे मैदान. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून सुटलेली गाडी पावणेदोन तासांच्या सुमारास इथे पोहोचते आणि बहुतेक पाहुणे किल्ल्याची वाट धरतात. पण शनिवारी-रविवारी उतरणाऱ्यांत काही वेगळेच प्रवासी दिसतात. हातात चौकोनी कडक पेटी, बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा, आणि पेटी सांभाळण्याची रीत अशी की आत जणू अंडीच भरली आहेत. ही मंडळी किल्ल्याकडे वळत नाहीत. ती नैर्ऋत्येला लेंटनच्या औद्योगिक वसाहतीकडे निघतात. पेटीत असतात शिपाई: जेमतेम सव्वा इंच उंचीचे, हाताने रंगवलेले, आणि प्रत्येकाच्या पायाखाली रुपयाच्या नाण्याएवढी जमीन. त्या जमिनीवर वाळू असते, खडे असतात, गवताचे झुबके असतात, कधी एखादी पडकी वीट असते.

ही रुपयाएवढी जमीन जागच्या जागी टिकवायची कशी, हा प्रश्न बाहेरच्याला पोरखेळ वाटेल. पण एका पलटणीला रंगवून उभे करण्यात ज्याच्या हिवाळ्याच्या संध्याकाळी गेल्या आहेत, त्याला तो तसा वाटत नाही. आणि वाळूला वाळू धरून राहते कशी, हे समजून घ्यायला नॉटिंगहॅमइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही. कारण हे सारे शहरच वाळूवर उभे आहे.

बोटाने खरवडता येणारा खडक

नॉटिंगहॅमचा किल्ला सुमारे १३० फूट उंचीच्या एका कड्यावर आहे. हा कडा वालुकाश्माचा. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी वाहून आणलेली वाळू थरावर थर बसून दबली, आणि तिच्या कणांमध्ये झिरपलेल्या खनिजांनी त्या कणांना एकमेकांशी बांधले. पण बांधले ते बेताचेच. या खडकावर अंगठा घासला तर लालसर-पिवळे कण हाताला लागतात. साध्या हत्यारांनी तो कोरता येतो, आणि कोरल्यावर छत तोलून धरण्याइतका बळकटही असतो. म्हणून इथल्या माणसांनी शेकडो वर्षे खडक कोरूनच आपली गरज भागवली. शहराच्या पोटात आठशेहून अधिक गुहा नोंदवल्या गेल्या आहेत आणि त्या साऱ्या मानवनिर्मित आहेत. नवव्या शतकाच्या अखेरीस ॲसर नावाच्या वेल्श धर्मगुरूने राजा आल्फ्रेडचे चरित्र लिहिताना या गावाचा उल्लेख 'गुहांचे ठिकाण' अशा अर्थाच्या नावाने केला आहे. या गुहांत दारूचे पिंप ठेवले गेले, कातडी कमावण्याचा कारखाना चालला, गरिबांनी संसार थाटले, आणि दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्याच्या वेळी नागरिकांनी आसरा घेतला. कड्याच्या पायथ्याशी 'ट्रिप टू जेरुसलेम' ही जुनी पानगृहाची इमारत आहे. तिच्या मागच्या खोल्या सरळ खडकातच शिरतात. पाटीवर ११८९ हे साल आहे. त्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

या खडकाचा वैरी एकच, पाणी. १९९६ च्या नाताळच्या दिवशी किल्ल्याच्या कड्यावरील गच्चीलगतची जमीन आणि तिला धरून ठेवणारी भिंत मोठ्या लांबीवर घसरून खाली आली. जमिनीखालच्या नळातून झिरपणारे पाणी त्याला कारण झाले. वाळू सैल नव्हती असे नाही, पण इतकी वर्षे तिने तग धरला होता. पाण्याने तिचा बांध सोडवला. लेंटनमध्ये ज्या टेबलांवर शिपाई रंगवले जातात, तिथेही पुष्कळ वेळा नेमके हेच घडते. फरक फक्त आकाराचा.

लेस गेली, सायकली गेल्या

एकेकाळी नॉटिंगहॅमची लेस जगभर जात असे. 'लेस मार्केट' हा शहराचा भाग आजही आहे. त्यातल्या लाल विटांच्या उंच गोदामांत आता कचेऱ्या, सदनिका आणि उपाहारगृहे आहेत. 'रॅले' सायकल इथलीच. जुन्या पिढीतल्या अनेकांना हे नाव घरच्या सायकलच्या दांडीवर वाचल्याचे आठवेल. रॅलेने नॉटिंगहॅममधले सायकल उत्पादन २००२ च्या सुमारास थांबवले. 'प्लेअर्स' सिगारेटचा उद्योग इथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. लेंटनमधला तंबाखूचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. परगण्यातली शेवटची खोल कोळसाखाण, थोर्सबीची, २०१५ मध्ये बंद पडली. एका शहराच्या पायाखालून इतकी जमीन सरकल्यावर तिथे पुन्हा काही रुजेल असे कोणाला वाटले नसते. रुजले ते भलतेच.

१९७५ मध्ये लंडनमध्ये इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तीन तरुणांनी 'गेम्स वर्कशॉप' सुरू केले. पुढे काही वर्षांतच नॉटिंगहॅमपासून तासाभराच्या आत असलेल्या न्यूअर्क गावी ब्रायन अँसेल याच्या पुढाकाराने धातूचे छोटे शिपाई ओतण्याचा 'सिटाडेल' हा कारखाना निघाला. १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा खेळ बाजारात आला आणि सारा व्याप हळूहळू नॉटिंगहॅमकडे सरकला. १९९७ पासून कंपनीचे मुख्य ठाणे लेंटनमध्ये आहे. तिथून बाहेर पडलेल्या मूर्तिकारांनी आणि व्यवस्थापकांनी आपापल्या कंपन्या काढल्या. पेरी बंधूंची नेपोलियनच्या काळातली पलटणे, 'वॉरलॉर्ड', 'मँटिक', 'फाउंड्री' ही नावे या छंदातल्या लोकांना तोंडपाठ असतात. पूर्वी हे शिपाई शिशाच्या मिश्रधातूचे असत, म्हणून या परिसराला गमतीने 'शिशाचा पट्टा' म्हणू लागले. आता शिसे गेले. प्लास्टिक, राळ आणि कथिलाचा मिश्रधातू आला. नाव मात्र चिकटून राहिले. २०२४ च्या डिसेंबरात गेम्स वर्कशॉपची गणना लंडन शेअरबाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांत झाली, आणि तिचे शिपाई अजूनही नॉटिंगहॅममध्येच तयार होतात.

लेंटनच्या या ठाण्याला लागूनच 'वॉरहॅमर वर्ल्ड' आहे. दारासमोर चिलखत घातलेल्या योद्ध्याचा भव्य पुतळा आहे. आत प्रदर्शनाच्या दालनांत काचेआड हजारो शिपायांची युद्धे गोठवून ठेवली आहेत. पण खरी गंमत खेळाच्या दालनात. तिथे लांबरुंद टेबलांवर डोंगर, पडके मनोरे आणि दलदल मांडलेली असते. समोरासमोर दोन माणसे, मोजपट्टी आणि फाशांचा खळखळाट. एका बाजूला शाळकरी मुलगा, दुसऱ्या बाजूला त्याच्या आजोबांच्या वयाचे गृहस्थ, असे दृश्य दिसले तरी कोणी वळून पाहत नाही.

शिपाई नव्हे, जमीन झिजते

या टेबलांशी थोडा वेळ उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. अनुभवी खेळाडू शिपायाला कधी डोक्याला किंवा कमरेला धरून उचलत नाही. बोटांच्या घामाने रंग उतरतो, तलवारी वाकतात. तो उचलतो बैठकीला धरून. म्हणजे एका लढाईत पंचवीस-तीस वेळा अंगठा आणि तर्जनी त्या रुपयाएवढ्या जमिनीच्या कडेवरून फिरतात. घरी नेताना पेटीतला फोम तिलाच घासतो. शिपाई सुरक्षित राहतो तो त्याच्या जमिनीच्या जिवावर, आणि म्हणूनच आधी जमीन जाते. दोन-तीन महिन्यांत कडेची वाळू गळते, गवताला टक्कल पडते आणि खालचे काळे प्लास्टिक डोकावू लागते. उत्तम रंगवलेली पलटण मग एकदम जुनाट, खेळण्यातली वाटू लागते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. एच. जी. वेल्स या विख्यात लेखकाने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून घरच्या जमिनीवर शिशाच्या शिपायांची लढाई कशी खेळावी याचे नियम घालून दिले. त्याच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी सुटे आणि जो शिपाई आडवा होई तो मेला असे समजत. ज्याने पडायचेच, त्याच्या पायाखाली कोण वाळू चिकटवत बसणार? त्या शिपायांची बैठक म्हणजे धातूचा हिरवा रंगवलेला पत्रा. आधुनिक खेळात फासे माणूस मारतात, शिपाई उभाच राहतो आणि बघणाऱ्याची नजर त्याच्या पायाखाली जाते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बैठकीवर वाळू टाकून तिला भडक हिरवा रंग देण्याची पद्धत होती, कारण टेबलही तसेच हिरवे असे. त्या काळचे खेळाडू तो हिरवा रंग आठवून आजही हळवे होतात. पुढे लोकांना खरीखुरी माती हवीशी झाली आणि चिकटवण्याचे शास्त्र सुरू झाले.

जोरकस गोंदाचा मोह

नवशिक्याचा पहिला तर्क सरळ असतो. जमीन निघते ना? मग सर्वांत जोरकस गोंद आणा. असा गोंद म्हणजे सुपरग्लू, आपल्याकडे फेव्हिक्विकच्या नळीत मिळतो तो. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हा रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या दुर्बिणींसाठी स्वच्छ प्लास्टिक शोधत असताना हे द्रव्य हाती लागले. जिथे तिथे चिकटते म्हणून त्या वेळी ते बाजूला ठेवले गेले आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आले. शिपायाचे पाय बैठकीला जोडायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण वाळूसाठी त्याच्यावर भिस्त ठेवणारा फसतो. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने क्षणात काचेसारखा कडक होतो. कडक म्हणजेच ठिसूळ. सरळ ओढले तर तो सुटत नाही, पण टेबलावरून शिपाई खाली पडला की बसणाऱ्या झटक्याने त्याचा पापुद्रा तडकतो आणि वाळूसकट निघून येतो. शिवाय तो पोकळी भरत नाही, आणि वाळूच्या दोन कणांत पोकळीशिवाय असते काय?

म्हणून जाणती मंडळी शाळेतल्या हस्तकलेच्या साध्या पांढऱ्या गोंदाकडे वळतात. इंग्लंडमध्ये त्याला त्याच्या रसायनावरून 'पीव्हीए' म्हणतात. आपला फेव्हिकॉल त्याच जातीचा. पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे सूक्ष्म कण, एवढेच त्याचे स्वरूप. पाणी उडाले की हे कण एकमेकांत मिसळून किंचित लवचीक पडदा बनतो. धक्का बसला तर तो थोडा वाकतो, तडकत नाही. त्याचा दोषही त्याच्या गुणातूनच येतो. पाण्यातून आलेला हा गोंद पाण्याने पुन्हा नरम होतो. संध्याकाळी वाळू चिकटवली आणि तासाभरात पातळ तपकिरी रंगाचा ओला ब्रश फिरवला, की कडेची सारी वाळू ब्रशाबरोबर चिखल होऊन येते. गोंदाला दोष देऊन मोकळे होणारे अनेक असतात. गोंद बरोबर होता. एक रात्र कमी पडली होती.

खरे काम तर गोंदाच्या आधीच सुरू होते. साच्यातून निघालेल्या सुट्या भागांवर, विशेषतः राळेच्या, साच्यापासून सुटण्यासाठी वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश राहतो. भांडी घासायच्या साबणाने तो धुवावा लागतो. बैठकीचा माथा गुळगुळीत असेल तर चाकूच्या टोकाने त्यावर आडवेउभे चरे पाडायचे किंवा पॉलिश पेपर घासायचा, म्हणजे गोंदाला पकड मिळते. गिलावा करण्यापूर्वी गवंडी भिंतीला टाचे मारतो, तोच हा प्रकार. वाळूही चाळून, धुऊन आणि पूर्ण सुकवून घ्यायची. समुद्रकाठची असेल तर मीठ जाईपर्यंत धुवायची. न धुतलेल्या वाळूत बारीक धूळ असते. गोंद ती धूळ धरून बसतो आणि खडा वरच्या वर निसटतो. मोठे दगड, सालीचे तुकडे किंवा कॉर्क असेल तर ते आधी सुपरग्लूने बसवायचे आणि बुडाशी पांढरा गोंद भरायचा; वाळूची पाळी त्यानंतरची. आणि वाळू एकाच जाडीची नको. बारीक, मध्यम आणि एखादा मोठा खडा अशी सरमिसळ असली तर लहान कण मोठ्यांच्या फटींत बसून एकमेकांना आधार देतात.

मग येते ती या साऱ्या उद्योगाची गुरुकिल्ली. वाळू रात्रभर सुकली, जादा कण टिचकी मारून झाडले, की एक भाग गोंद आणि दोन-तीन भाग पाणी असे पातळ मिश्रण करून त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकतात आणि जुन्या ब्रशाच्या टोकाने ते वाळूवर ठिपक्या-ठिपक्याने सोडतात. घासायचे नाही. नुसते पाणी असते तर पृष्ठताणामुळे थेंब वाळूवर गोळी होऊन बसला असता. साबणाने तो ताण मोडतो आणि मिश्रण कणाकणांमधून आपोआप खाली शोषले जाते. आता वाळू फक्त खालच्या थराला चिकटलेली नसते. प्रत्येक कण शेजाऱ्याला बांधला गेलेला असतो. नॉटिंगहॅमच्या कड्यात निसर्गाने जे काम खनिजांनी केले, ते इथे पातळ गोंद करतो. पुन्हा एक रात्र थांबायचे. त्यानंतर अस्तराचा रंग, मग गडद तपकिरी, आणि शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवर फिकट हात. हे रंगाचे थरदेखील बांधकामाचाच भाग आहेत. रंग न दिलेली नैसर्गिक वाळू कितीही सुंदर दिसली तरी लवकर गळते.

गवताचे न्यारेच

गवताला मात्र ही गुरुकिल्ली चालत नाही. हे गवत म्हणजे दोन ते सहा मिलिमीटर लांबीचे नायलॉनचे हिरवे-पिवळे तंतू. ओल्या गोंदावर ते भुरभुरतात आणि शिपाई उलटा धरून बैठकीला खालून टिचक्या मारतात. हौशी लोकांकडे जास्त दाबाच्या विजेचे एक छोटे यंत्रही असते. त्यातून पडणारे तंतू विद्युतभारामुळे सुयांसारखे ताठ उभे राहतात. त्यांच्यावर पातळ गोंद सोडला तर सारी कुरणे पावसात झोपलेल्या भातासारखी आडवी होतात. म्हणून गवत सर्वांत शेवटी, रंगवलेल्या वाळूवर, अखंड न पसरता ठिगळाठिगळांनी, आणि कडेपासून किंचित आत लावायचे. कडेवर बोटे फिरतात, तिथे गवत टिकत नाही. बाजारात मिळणारे तयार झुबके मागच्या चिकटपणावर काही दिवस बसतात; त्यांनाही खाली गोंदाचा एक थेंब दिलेला बरा. वरून मंद चमकेच्या व्हार्निशचा हलका फवारा दिला की झाले.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मुले अळीव पेरतात आणि चार दिवसांत डोंगर हिरवे होतात. ती हिरवळ सुकली की किल्लाही मोडायचा असतो, त्यात दुःख नसते. इथल्या फौजांना ती सवलत नाही. म्हणून सेंद्रिय वस्तूंबद्दल इथले लोक फार जागरूक असतात. चहाचा चोथा पाचोळ्यासारखा हुबेहूब दिसतो, पण तो भट्टीत खडखडीत वाळवला नाही तर गोंदाखाली बुरशी धरतो. बर्फासाठी खाण्याचा सोडा वापरण्याची स्वस्त युक्ती जुनी आहे. मात्र गोंदातला सोडा काही वर्षांत पिवळट पडतो, आणि पिवळा बर्फ पाहून कोणाला काय वाटेल हे सांगायला नको.

इंग्लंडच्या हवेचाही यात हात आहे. पुष्कळांची रंगकामाची जागा म्हणजे घरामागची शेड किंवा गॅरेज. हिवाळ्यात तिथे पारा पाच अंशांखाली जातो. एवढ्या थंडीत पांढऱ्या गोंदाचे कण एकमेकांत मिसळतच नाहीत; पाणी उडते आणि मागे खडूसारखी पांढरी भुकटी उरते. दमट दिवशी मारलेले व्हार्निश दुधाळ होते. उतावळा माणूस शिपाई खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवतो, तेव्हा वर साय धरते आणि आत गोंद ओलाच राहतो. पातळ लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या बैठका तर सुकताना पापडासारख्या वळतात. त्यासाठी खालच्या बाजूलाही गोंदपाण्याचा हात देऊन दोन्हीकडचा ताण सारखा करतात.

न्यूअर्कची माती, असईची माती

ज्या न्यूअर्कमध्ये सिटाडेलचा जन्म झाला, ते गाव आवर्जून पाहावे असे आहे. ट्रेंटच्या काठावरच्या तिथल्या किल्ल्यात १२१६ मध्ये राजा जॉन वारला. पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात हे गाव राजाच्या बाजूने लढले, वेढ्यांमागून वेढे सोसले आणि १६४६ मध्ये राजाच्याच आज्ञेवरून शरण गेले. त्या युद्धाचे राष्ट्रीय संग्रहालय २०१५ पासून इथे आहे. पण सर्वांत बोलकी वस्तू गावाबाहेर उघड्यावर आहे: 'क्वीन्स स्कॉन्स' नावाची ताऱ्याच्या आकाराची मातीची गढी. दगड नाही, वीट नाही, नुसती उपसलेली माती. पावणेचारशे वर्षांच्या पावसात ती अजून आपला आकार सांभाळून आहे, कारण तिच्यावर दाट गवत आहे आणि त्याच्या मुळांनी माती बांधून धरली आहे.

न्यूअर्कच्या मेळ्याच्या मैदानावर 'पार्टिझन' नावाचे युद्धखेळांचे प्रदर्शन भरते. मोठमोठ्या टेबलांवर ऐतिहासिक लढाया मांडलेल्या असतात. या जगात मराठी माणसाला ओळखीचे नावही भेटते: असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या या गावाजवळ कैलना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली. ब्रिटिश युद्धखेळ्यांची ही आवडती लढाई आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफखान्याच्या मूर्तीही मिळतात. आता या शिपायांच्या पायाखाली कोणती जमीन द्यायची? हिंदुस्थान म्हणताच पिवळी वाळू आणि वाळके गवत देण्याचा मोह होतो. पण ती लढाई पावसाळ्याच्या अखेरीस, बेसाल्टच्या मुलखात झाली. तिथे हवी काळपट माती, नदीकाठचा चिखल आणि हिरवे गवत. ज्याने ती दिली त्याने पुस्तक नीट वाचले आहे, असे खुशाल समजावे.

अशा मेळ्यांत आणि क्लबांत जुन्या फौजाही विकायला येतात. कोणाची दृष्टी अधू झालेली असते, कोणी वारलेला असतो आणि त्याची मुले चाळीस वर्षांचा संग्रह खोक्यांत भरून आणतात. घेणारा शिपायाचा चेहरा नंतर पाहतो. आधी बैठकीच्या कडेवरून अंगठा फिरवून काय हाताला लागते ते बघतो. हाताला काही लागले नाही, तर रंगवणारा सावकाश काम करणारा होता.

तरीही फौज नव्या मालकाच्या टेबलाशी जुळवायची तर कधी कधी ती जमीन काढावीच लागते, आणि इथे पांढऱ्या गोंदाचा तो जुना दोष कामी येतो. बैठक कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली की वाळूचा थर नरम होऊन चाकूच्या पात्याने सुटतो आणि वरच्या शिपायाच्या रंगाला बाध येत नाही. सुपरग्लूने बसवलेली जमीन असेल तर ॲसिटोन लागते, आणि ते प्लास्टिकच विरघळवते. म्हणून सर्वांत जोरकस गोंद टाळणाऱ्याचा हिशोब दुहेरी असतो. नव्या बैठकीसाठी पुष्कळजण चक्क एक आणि दोन पेन्सची नाणी वापरतात. १९९२ पासून ही नाणी तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, त्यामुळे पेटीच्या तळाशी चुंबकाचा पत्रा टाकला की पलटण हलत नाही. दोन पेन्सच्या नाण्याचा व्यास २५.९ मिलिमीटर. नाणे आधी साबणाने धुऊन घ्यायचे, पॉलिश पेपरने घासायचे, आणि मग वाळूची बरणी उघडायची.